स्पेशल इंग्लिश : पहिल्या कादंबरीपासून तोंडी परीक्षेपर्यंत

बी.ए.ला स्पेशल इंग्लिश घेतलं असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "वा, म्हणजे आता फाडफाड इंग्रजी बोलणार." या पदवीत तासाला बसून बोलायला कोणी शिकवत नाही. हळू वाचणं, आणि वाचलेल्यातून पुरावा काढून त्यावर लिहिणं, ही दोन कामं बी.ए. आणि एम.ए. मिळून पाच वर्षं करून घेतली जातात. बोलणं वाटेत सुधारतं. आम्ही बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून या विषयाला आलो, बी.ए. केलं, मग एम.ए. केलं. कुठे किती वेळ लागला, काय चुकलं आणि का चुकलं, ते त्याच क्रमाने लिहितो.

आधी चौकट. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवी क्रेडिटवर मोजली जाते. वर्षाला ४४ क्रेडिट : पहिल्या वर्षाअखेर थांबलात तर प्रमाणपत्र, ८८ झाल्यावर पदविका, १३२ ला तीन वर्षांची पदवी आणि १७६ ला चार वर्षांची ऑनर्स. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. त्यामुळे चार क्रेडिटच्या पेपरला साठ तास मिळतात, आणि त्या साठ तासांत कोणताही प्राध्यापक एक अख्खी कादंबरी वर्गात वाचून दाखवू शकत नाही. वाचन घरी होणार, हे पहिल्याच आठवड्यात मनाशी पक्कं करावं लागतं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह ही नावं नवी असली तरी आतला माल बराचसा जुन्या स्पेशल पेपरांचाच आहे : कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि भाषाविज्ञान.

पहिली अडचण वेगाची. मराठी कादंबरी तासाला चाळीस पानं वाचणारा विद्यार्थी इंग्रजी कादंबरीची सुरुवातीला आठ-दहा पानंच वाचतो. अडीचशे पानांच्या पुस्तकाला पंचवीस ते तीस तास. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं. रोज एक तास दिला तर महिन्याभरात पहिलं वाचन संपतं आणि दुसऱ्या वाचनाला वेळ उरतो. हे गणित न करणारे परीक्षेच्या आधी तीन आठवडे जागे होतात, तेव्हा हातात फक्त गाईड उरतं. गाईडचं नुकसान लगेच दिसत नाही. त्यात कथासार असतं, पात्रांची यादी असते, 'मोस्ट आयएमपी' प्रश्न असतात, आणि पहिल्या वर्षी त्यावर पासही होता येतं. मात्र दुसऱ्या वर्षी न पाहिलेल्या कवितेवर लिहायचा प्रश्न येतो, आणि तिथे गाईडचा काही उपयोग नसतो. आमचा नियम साधा होता : मूळ पुस्तक एकदा संपेपर्यंत गाईड उघडायचं नाही. एकदा मूळ वाचलं की गाईडमधल्या चुकाही दिसायला लागतात.

शब्दकोशाचं प्रमाण ठरवावं लागतं. प्रत्येक अडलेला शब्द पाहत बसलं तर वाक्याचा धागा सुटतो, आणि एकही पाहिला नाही तर दहा पानांनंतर कोण कोणाशी बोलतंय तेच कळत नाही. पानाला पाच शब्द, त्याहून जास्त नाही. त्यातही क्रियापदं आधी आणि पुन्हापुन्हा येणारे शब्द आधी. फुलांची, कपड्यांची, घोडागाडीच्या भागांची नावं पेन्सिलीने खूण करून सोडून द्यायची. अर्थ इंग्रजी-इंग्रजी कोशात पाहायचा. इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दाला चार मराठी शब्द मिळतात, पण त्यातला इथे कोणता ते वाक्यातला वापर दाखवल्याशिवाय ठरत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत वेग तासाला वीस-पंचवीस पानांवर येतो.

कवितेला मात्र वेगाचा उपयोग नाही. चौदा ओळींच्या एका कवितेवर दोन तास सहज जातात, आणि ते जायलाच हवेत. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना इथे एक जुनी सवय कामी येते : अन्वय लावणं. इंग्रजी कवितेत कर्ता ओळीच्या शेवटी, कर्म सुरुवातीला आणि क्रियापद दोन ओळी खाली असू शकतं. पहिल्यांदा मोठ्याने वाचायचं. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदं शोधायची, प्रत्येकाखाली रेघ मारायची आणि त्याचा कर्ता कोण ते समासात लिहायचं. मग अख्खं वाक्य साध्या गद्यक्रमाने वहीत उतरवायचं. प्रतिमा, उपमा, ध्वनी यांच्याकडे जायचं ते यानंतर. वर्गातल्या निम्म्या चुकीच्या अर्थांचं मूळ प्रतिमांमध्ये नसायचं. कर्ता चुकलेला असायचा.

वृत्ताच्या बाबतीत मराठी कान मदतही करतो आणि फसवतोही. आपण 'यमाताराजभानसलगा' म्हणत लघु-गुरू मोजायला शिकलेलो असतो. मनाच्या श्लोकांतलं भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, लघु-गुरू-गुरू चारदा. त्यामुळे इंग्रजीतलं आयंबिक वृत्त म्हणजे 'लगा, लगा' असं समजून आपण इंग्रजी ओळीवर मात्रा मोजायला बसतो, आणि हिशेब जुळत नाही. इंग्रजी वृत्त स्वराच्या लांबीवर चालत नाही, आघातावर चालतं. एक साधं घरगुती वाक्य घ्या : 'आय वॉन्ट अ कप ऑफ टी बिफोर आय गो.' दहा अवयव (सिलॅबल), पाच आघात : वॉन्ट, कप, टी, फोर, गो. हे चोख आयंबिक पेंटामीटर आहे, म्हणजे अनाघात-आघात अशी जोडी पाचदा. आता 'कप'मधला स्वर ऱ्हस्व आहे, तरी आघात त्याच्यावर. 'आय' उच्चारायला लांब, तरी आघात नाही. हे एक वाक्य तोंडात घोळवलं की मोजणी कशाची करायची ते कळतं. पुढची चूक म्हणजे प्रत्येक ओळ त्या साच्यात बसवणं. कवी पहिल्या गणात आघात उलटा टाकतात, मध्येच दोन आघात शेजारी आणतात. साचा आधी कानात पक्का करायचा, मग ओळ नैसर्गिकपणे वाचायची आणि दोन्ही कुठे वेगळे पडतात तिथे खूण करायची. उत्तरात लिहिण्यासारखं जे असतं ते त्या खुणेपाशीच असतं. 'ही कविता आयंबिक पेंटामीटरमध्ये आहे' एवढं लिहून कोणाला गुण मिळत नाहीत.

सॉनेटलाही, म्हणजे सुनीतालाही, हेच लागू. केशवसुतांनी तो रचनाबंध मराठीत आणल्यामुळे चौदा ओळींचं गणित आपल्याला परकं नाही. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळी, पेट्रार्कच्या पद्धतीत आठ आणि सहा. यमकाची अक्षरं समासात मांडायला दोन मिनिटं लागतात. खरा प्रश्न असतो तो वळणाचा : विचार नेमका कुठे फिरतो? नवव्या ओळीत, की शेवटच्या दोन ओळींत? 'पण', 'तरी', 'म्हणून' या अर्थाचे छोटे शब्द शोधायचे. वळण बहुधा तिथेच असतं.

अरुण कोलटकरांचं १९७६ चं 'जेजुरी' हे इंग्रजी कवितांचं पुस्तक अनेक ठिकाणी अभ्यासाला असतं. ते वाचताना आपल्याकडच्या मुलांना वाटतं की हे तर आपल्याला ठाऊकच आहे. खंडोबा, भंडारा, पायऱ्या, पुजारी यांवर दोन पानं भरतात आणि कवितेवर एक ओळही येत नाही. ओळखीचा विषय जास्त सांभाळून वाचावा लागतो. आम्ही त्या कवितांवर लिहिताना एक अट घातली होती : देवस्थानाबद्दलचं प्रत्येक वाक्य कवितेतल्या एखाद्या शब्दाला बांधलेलं असलं पाहिजे, नसेल तर खोडायचं.

नाटकात भाषेचा डोंगर समोर उभा राहतो, विशेषतः शेक्सपिअरला. इथे प्रत महत्त्वाची. इंटरनेटवर फुकट मिळणारी संहिता वाचायला चांगली, पण तिला टिपा नसतात. अभ्यासाला ओळींचे आकडे आणि तळटिपा असलेलीच प्रत घ्यायची, आणि वर्गात सगळ्यांची एकच प्रत असली तर उत्तम, कारण आवृत्तीगणिक ओळींचे आकडे बदलतात. तळटिपा वाचल्या नाहीत तर ओळखीचे शब्द दगा देतात. त्या काळात 'फॉन्ड' म्हणजे बहुधा खुळा, 'प्रेझेंटली' म्हणजे आत्ताच्या आत्ता, 'वॉन्ट' म्हणजे उणीव. अनोळखी शब्दापेक्षा असा ओळखीचा शब्द जास्त घातक. तो कोशात पाहावा असं मनातच येत नाही.

एका गोष्टीत मात्र मराठी वाचक आजच्या इंग्रज वाचकाच्या पुढे असतो. इंग्रजीतला 'दाऊ' (thou, म्हणजे तू) गेला आणि सगळ्यांना 'यू' राहिला. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही होते, आणि त्यांच्यातलं अंतर आपल्याला रोजच्या तू-तुम्हीवरून ठाऊक आहे. हॅम्लेटच्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश घ्या. राणी मुलाला 'दाऊ' म्हणते : तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस. तो 'यू' म्हणून उत्तर देतो : आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत. दोन वाक्यांतले वडील वेगळे आहेत. आईच्या तोंडी सावत्र बाप, मुलाच्या तोंडी मेलेला राजा. त्यानंतर लगेच राणीही 'यू'वर येते. रागावलेली आई पोराला "बरेच शहाणे झालात तुम्ही" म्हणते, तसाच हा बदल आहे. इंग्रजी माध्यमातल्या मित्रांना हे टिपा वाचून कळायचं, आपल्या कानाला ते सरळ ऐकू येतं. म्हणून नाटक वाचताना समासात प्रत्येक 'दाऊ' आणि 'यू'वर खूण करणं, आणि ते कुठे बदलतात ते टिपणं, हा फार फळ देणारा उद्योग आहे. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' हे मराठी रूपांतर केलेलं आहे. मूळ वाचून झाल्यावर त्यातला एखादा प्रवेश शेजारी ठेवून पाहिला की कोणत्या ओळीला मराठीत जागा मिळाली नाही ते दिसतं.

कादंबरीच्या पेपरात कथानक, पात्रं, वातावरण यावर लिहिणं जमतं, पण निवेदनावर लिहायची वेळ आली की अडतं. निवेदक कोण, त्याला किती ठाऊक आहे, आणि आत्ताचं वाक्य त्याचं की पात्राच्या मनातलं? मराठीत हे मिश्रण आपण सहज ओळखतो. 'तो खिडकीशी उभा राहिला. आता कसली येतेय ती!' यातलं दुसरं वाक्य त्याच्या मनातलं आहे हे सांगावं लागत नाही, कारण काळ बदललेला असतो. इंग्रजीत मात्र मनातलं वाक्यही निवेदनाबरोबर भूतकाळात जातं, 'ती आता येणार नव्हती' अशा रूपात. अवतरणचिन्ह नाही, 'त्याला वाटलं' नाही. मराठी वाचक ते निवेदकाने दिलेली माहिती समजतो आणि पात्राचा गैरसमज कादंबरीचं मत म्हणून उत्तरात लिहून मोकळा होतो. ओळखायची खूण अशी : भूतकाळातल्या वाक्यात 'आता', 'उद्या', 'इथे' या अर्थाचे शब्द आले, उद्गार आला, किंवा त्या पात्राच्याच तोंडी शोभेल असा शब्द आला, की थांबायचं. आम्ही पहिल्या तीन प्रकरणांत अशा वाक्यांना वेगळ्या रंगाने रेघा मारल्या. पुढे डोळा आपोआप पकडतो.

भाषेचा पेपर बहुतेकांना रुक्ष वाटतो. आम्हाला तो सगळ्यात उपयोगी वाटला. ध्वनिविचारात प्रमाण ब्रिटिश उच्चारातले ४४ ध्वनी शिकवतात : २० स्वर, २४ व्यंजनं. चिन्हं पाठ करायला आठवडा लागतो. अवघड असतं आपला कान वेगळा करणं. 'भिजलेला' या अर्थाचा वेट आणि 'जनावरांचा डॉक्टर' या अर्थाचा वेट देवनागरीत एकच दिसतात, कारण आपला 'व' त्या दोन ध्वनींच्या मध्ये कुठेतरी आहे. पहिल्याला ओठ गोल करायचे आणि दात लावायचे नाहीत, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. आरसा समोर ठेवून पंधरा दिवस रोज दहा मिनिटं केलं की बसतं. 'फ'चंही तसंच : फळातला 'फ' म्हणजे ओठ मिटून सोडलेला महाप्राण, आणि 'फॅन'मधला दात-ओठ घासून काढलेला. 'झेब्रा' लिहायच्या सवयीमुळे आपण तिथे 'झ' उच्चारतो. त्यापेक्षा 'थोडं' या अर्थाच्या 'जरा'तला ज त्या ध्वनीच्या जवळचा आहे. 'म्हातारपण' या अर्थाच्या 'जरा'तला ज वेगळा. म्हणजे मराठीतच ही दोन टोकं उपलब्ध आहेत, फक्त लिपीने ती एका अक्षरात दडवली आहेत.

शब्द ध्वनिचिन्हांत लिहिताना गुण जातात ते तीन ठिकाणी. पहिलं, भूतकाळाचा प्रत्यय : 'वॉक'ला 'ट', 'प्ले'ला 'ड', 'वॉन्ट'ला 'इड'. आपण तिन्हीकडे 'एड' लिहितो. दुसरं, अनेकवचनाचा 'स' कुठे घोष होतो (थोडं या अर्थाच्या 'जरा'तल्या ज-सारखा) ते. तिसरं आणि सर्वांत मोठं, आघात. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. आघात सरकला की बाकीचे स्वर ढिले पडून 'अ'सारखे होतात. हे कळल्यावर ऐकलेलं इंग्रजी अचानक समजू लागतं. आपण ज्या स्वरांची वाट पाहत असतो ते बोलणाऱ्याने उच्चारलेलेच नसतात.

वाक्यविचारात झाडासारख्या आकृत्या काढायच्या असतात. द्व्यर्थी वाक्याला दोन आकृत्या येतात हे समजावून घ्यायला मराठी भाषांतर हा उत्तम दाखला. 'मी दुर्बिणीसह माणूस पाहिला' या अर्थाचं प्रसिद्ध इंग्रजी उदाहरण मराठीत सरळ उतरवता येत नाही. 'दुर्बिणीतून माणूस पाहिला' की 'दुर्बीण घेतलेला माणूस पाहिला', हे ठरवावंच लागतं. ज्या जागी भाषांतर थांबवतं तिथे आकृती दुभंगते. याच पेपरात आपल्या लिहिण्यातल्या नेहमीच्या चुकांची कारणंही सापडतात. 'डिस्कस अबाउट' आपण लिहितो कारण मराठीत 'बद्दल' चर्चा होते, इंग्रजीत त्या क्रियापदाला सरळ कर्म लागतं. 'अ' आणि 'द' सुटतात कारण मराठीत उपपदंच नाहीत. कारण कळलेली चूक कमी होते, नुसती लाल शाईने खोडलेली परत येते.

समीक्षेच्या पेपरात ॲरिस्टॉटलपासून सुरुवात होते. इथे एक फार मोलाची सोय आपल्याकडे आहे : विंदा करंदीकर स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं आहे. मूळ ग्रीक आपण कोणीच वाचणार नसतो. मग इंग्रजी भाषांतर आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवून वाचायला हरकत काय? शोकांतिकेची सहा अंगं, कथानक, स्वभाव, विचार, शब्दयोजना, संगीत आणि दृश्य, ही पाठ करण्यापेक्षा त्याने कथानकाला पहिलं स्थान का दिलं ते पकडायचं. कथार्सिसची (शोकांतिकेतून होणाऱ्या भावनांच्या विरेचनाची) तुलना रसविचाराशी करा असा प्रश्न येतो, तेव्हा दोन्हीकडे 'भावना' हा शब्द आला म्हणून दोन्ही एकच असं लिहू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, शांतरस नंतर जोडला गेला. तिथे प्रश्न आस्वादाचा आहे. ॲरिस्टॉटल बोलतो ते करुणा आणि भीती या दोनच भावनांबद्दल आणि एका विशिष्ट नाट्यप्रकाराबद्दल. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता दिल्या आणि त्यांची उत्तरं तपासून १९२९ मध्ये पुस्तक लिहिलं. तो प्रयोग चार मित्रांत करता येतो. आठवड्याला एक कविता, नाव झाकून, प्रत्येकाने एक पान लिहायचं, मग चारही पानं मोठ्याने वाचायची. नाव माहीत नसताना आपण किती जपून वाचतो ते पहिल्याच खेपेला कळतं.

आता परीक्षा. विद्यापीठानुसार १०० पैकी ६० किंवा ७० गुण लेखी आणि बाकी इंटर्नल. ७० गुणांना तीन तास धरा. प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं, शेवटी पाच, उरली १६५ मिनिटं. म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटांहून थोडी जास्त, आणि चौदा गुणांच्या प्रश्नाला ३३ मिनिटं. तेवढ्यात ४०० ते ४५० शब्द होतात, अधिक नाही. पुरवण्या वाढवण्याने काही होत नाही. पहिल्या परिच्छेदात प्रश्नाचं उत्तर यायला हवं. लेखकाचा जन्म, पुरस्कार, 'इंग्रजी साहित्यातलं अढळ स्थान' यात पहिलं पान गेलं की तपासणाऱ्याला कळतं की मजकूर पाठ केलेला आहे. मग तीन मुद्दे, प्रत्येकाला कृतीतला एक ठोस प्रसंग किंवा ओळ, आणि त्या ओळीतला कोणता शब्द मुद्दा सिद्ध करतो ते एका वाक्यात. हे शेवटचं वाक्यच बहुतेक जण विसरतात. अवतरण टाकून पुढे निघून जातात.

बारीक गोष्टींनाही वजन असतं. कृतीतल्या घटना वर्तमानकाळात लिहायच्या, लेखकाच्या आयुष्यातल्या भूतकाळात. पुस्तकाच्या नावाखाली रेघ, एका कवितेच्या नावाला अवतरणचिन्ह. प्रश्नातलं क्रियापद पाहायचं. तुलना करा म्हटलं असताना आधी एकावर दोन पानं आणि मग दुसऱ्यावर दोन पानं लिहिली की तुलना होतच नाही. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कृती आल्या पाहिजेत. सरावासाठी आठवड्याला एक तीनशे शब्दांचं ट्युटोरियल पुरतं, पण तेच दुसऱ्यांदा लिहिलं पाहिजे. पहिल्या खर्ड्यात विचार सापडतो, दुसऱ्यात वाक्यं. शिक्षकांनी तपासून दिलेलं ट्युटोरियल पुन्हा न लिहिता फाइलला लावणं हा या पदवीतला सर्वांत मोठा अपव्यय आहे, असं आम्ही आजही म्हणतो.

एम.ए.ला सिद्धान्त येतात आणि बरेच जण इथे घाबरून पुन्हा नोट्सच्या आश्रयाला जातात. 'संरचनावाद म्हणजे काय' यावर दहा मुद्दे पाठ करण्याऐवजी एकच मूळ निबंध घेऊन परिच्छेदागणिक एक ओळ समासात लिहिली तर तीन बैठकांत तो पदरात पडतो. आपली उदाहरणं शोधली की आणखी सोपं होतं. शब्दाचं मूल्य भोवतालच्या शब्दांवर ठरतं, असं भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर म्हणतो. त्याची व्याख्यानं विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये छापली गेली. इंग्रजीतल्या 'अंकल'ची जागा मराठीत काका आणि मामा वाटून घेतात, म्हणून 'काका' आणि 'अंकल' यांचं मूल्य एक नाही. हे एकदा उमगलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे सिद्धान्त कृतीवर शिक्क्यासारखा मारणं. स्त्रीवादी वाचन म्हणून स्त्रीपात्रांच्या हालांची यादी केली जाते. सिद्धान्ताने एखादा नवा प्रश्न दिला का, जो त्याच्याशिवाय आपल्याला सुचला नसता? दिला नसेल तर तो त्या निबंधात नको.

दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो, तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्यात सहा क्रेडिटचा. नव्वद टक्के दुखणं विषयाच्या रुंदीत असतं. 'भारतीय इंग्रजी कादंबरीतील स्त्री' हा पाच पीएचडींचा विषय झाला. एक कृती, एक प्रश्न, आणि तो प्रश्न एका वाक्यात प्रश्नचिन्हासह लिहिता आला पाहिजे. मार्गदर्शकांकडे जाताना दोन पानी आराखडा आणि आधी वाचलेल्या आठ-दहा लेखांची यादी न्यावी, म्हणजे बोलणं नेमकं होतं. टिपणं काढताना प्रत्येक अवतरणाशेजारी त्याच क्षणी पान क्रमांक लिहायचा. 'नंतर शोधू' म्हणून सोडलेली पानं शोधण्यात शेवटचा आठवडा जातो. संदर्भ बहुधा एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या संस्थेच्या संदर्भपुस्तिकेच्या २०२१ च्या नवव्या आवृत्तीप्रमाणे द्यावे लागतात. लेखक, शीर्षक, ते ज्यात आलं त्याचं नाव, इतर योगदानकर्ते, आवृत्ती, क्रमांक, प्रकाशक, तारीख, स्थान असे नऊ घटक त्याच क्रमाने, आणि जो नाही तो वगळायचा. गद्याच्या चारपेक्षा जास्त किंवा पद्याच्या तीनपेक्षा जास्त ओळी असतील तर अवतरण वेगळ्या परिच्छेदात, अर्धा इंच आत, चिन्हांशिवाय.

साम्य तपासणीबद्दल, म्हणजे प्रकल्पातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो ते पाहण्याबद्दल, फार गैरसमज आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. चाळीसपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, त्यापुढे शिक्षा वाढते. योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं यात धरली जात नाहीत. आकडा वाढतो तो दुसऱ्याचा परिच्छेद समोर ठेवून शब्द बदलत लिहिल्याने. लेख वाचून झाल्यावर तो बंद करायचा, दुसऱ्या दिवशी त्याचा मुद्दा आठवणीतून स्वतःच्या वाक्यात लिहायचा, मग मुळाशी ताडून पाहायचा. ही सवय असली की अहवालाची भीती राहत नाही.

नेट-सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची तयारी याच काळात सुरू करणारे बरेच असतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. दोन्ही परीक्षांत पहिला पेपर ५० प्रश्नांचा, विषयाचा १०० प्रश्नांचा, प्रत्येकी दोन गुण, चुकीला गुण कापत नाहीत. एम.ए.ला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के लागतात, म्हणून दोन्हीकडे एकदम धावताना सत्रपरीक्षेकडे दुर्लक्ष झालं तर पुढे अडचण होते.

शेवटी तोंडी परीक्षा. परीक्षक प्रकल्प वाचून आलेले असतात असं धरूनच जायचं. प्रश्न बहुधा तीन दिशांनी येतात : हीच कृती का, हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरला, आणि अमुक पानावरचा दावा कशावरून. तिसऱ्यावर बहुतेकांची जीभ अडखळते. मूळ पुस्तक सोबत न्यायचं, प्रकल्पात वापरलेल्या प्रत्येक उताऱ्याच्या पानाला कागदाची चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर आपल्या प्रकरणाचं पान लिहायचं. पंधरा-वीस चिठ्ठ्या पुरतात. आदल्या संध्याकाळी त्या क्रमाने उघडून प्रत्येक उतारा एकदा मोठ्याने वाचायचा, कारण परीक्षकांनी तो वाचायला सांगितला तर आघात आणि विराम कुठे घेता त्यावरूनच त्यांना कळतं की हे वाक्य तुम्ही स्वतः वाचलं आहे.